पार्श्वभूमी : कार्बन-इपॉक्सी लॅमिनेट आणि ‘ताणमुक्त तापमाना’चा घोळ

ॲल्युमिनियमची मीटरभर पट्टी १०० अंशांनी तापवली की सुमारे २.३ मिलिमीटरने वाढते. कार्बनचा तंतू मात्र तापल्यावर लांबीच्या दिशेने किंचित आखडतो आणि त्याला धरून ठेवणारे इपॉक्सी हे रेझिन (तापवून पक्की होणारी राळ) ॲल्युमिनियमच्या दुपटीहून जास्त फुगते. या दोघांची मोट बांधली की तंतूंच्या दिशेने प्रसरण जवळपास शून्य, आडवे मात्र भरपूर. एका थराचा हा हिशेब मांडणारी सूत्रे १९६८ मध्ये आली, ती आजही वापरात आहेत. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचे आरसे ज्या सांगाड्याने अंतरावर धरले आहेत, तो याच गुणामुळे कार्बन-इपॉक्सीचा आहे.

घोळ वेगळ्याच ठिकाणी आहे. असे थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक चिकटवले की लॅमिनेट होते आणि तापमान बदलले की ते एकमेकांना ओढतात. थरांमधला ताण काढताना तापमानातला फरक लागतो. पण फरक कुठपासून मोजायचा? सोयीसाठी क्युरिंगचे, म्हणजे भट्टीत रेझिन पक्के करण्याचे, तापमानच ‘ताणमुक्त’ (थरांत ताण नसलेले) धरायची पद्धत पडली : १८० अंशांना पक्के झाले, २५ ला आले, फरक १५५. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाला हे पुरते, प्रत्यक्षातल्या भागाला नाही.

पडताळणी सोपी आहे. एक थर उभा, एक आडवा अशी पातळ पट्टी बनवली की थंड होताना ती वाकते. (जुने सिद्धांत सांगत की चौकोनी तुकड्याला खोगिराचा आकार येईल, पातळ तुकडे मात्र नळीसारखे वळत. हे कोडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुटले.) ही वाकलेली पट्टी पुन्हा भट्टीत घातली तर १८० ला सपाट व्हायला हवी. बहुतेकदा होत नाही, आणखी तापवावी लागते. कारण रेझिन पक्के होताना रासायनिक क्रियेनेही आकसते आणि त्यातला काही भाग तंतूंशी पकड बसल्यानंतरचा असतो. उलट, दमट हवेत पडून राहिलेली पट्टी पाणी शोषून थोडी सरळ होते. म्हणजे नाव तापमानाचे असले तरी त्या एका आकड्यात आकसणे, ओल आणि काळानुसार सैलावणे, सगळेच जमा होते. हा आकडा माहितीपत्रकातून उचलू नये, आपल्याच भट्टीतल्या पट्टीवर मोजावा, असे माझे ठाम मत आहे.

अतिशीत वापरात हे जास्त भोवते. १८० ला पक्का झालेला भाग द्रव हायड्रोजनच्या उणे २५३ ला नेला की फरक ४३० अंशांवर जातो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रायोगिक यानाची कंपोझिट (तंतू-रेझिनची) टाकी जमिनीवरच्या चाचणीत फुटली. आतल्या थरांना गेलेल्या बारीक तड्यांतून हायड्रोजन भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांमधल्या जाळीत शिरला होता. टाकी रिकामी होऊन तापू लागली, तसा त्याचा दाब वाढला आणि बाहेरचा थर उखडला. तडे गेले की आडव्या थरांची ओढ कमी होते आणि लॅमिनेटचा प्रसरण गुणांकच बदलतो. म्हणून अवकाशासाठीच्या भागांचा गुणांक थंड-गरम फेऱ्यांच्या आधी आणि नंतर, असा दोनदा मोजावा लागतो.