लिंबाच्या पानावरची चंदेरी नागमोडी रेघ

पाऊस सुरू झाला की मुंबईच्या बाल्कनीतल्या कुंडीत लिंबाला कोवळी पालवी फुटते, आणि आठवड्याभरात तिच्यावर चंदेरी, नागमोडी रेघा दिसू लागतात. पाठोपाठ पानं आक्रसतात. पुष्कळ जण हा बुरशीचा रोग समजून बुरशीनाशक मारतात आणि ते वाया जातं. हे काम नागअळीचं, म्हणजे फिलॉक्निस्टिस सिट्रेला या पतंगाच्या अळीचं. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ स्टेनटन यांनी १८५६ साली तिचं वर्णन केलं, तेही कोलकात्याच्या नमुन्यांवरून. म्हणजे हा कीटक बाहेरून आलेला नाही, आपल्याकडचाच आहे.

पतंग पंख पसरून जेमतेम ४-५ मिलिमीटरचा, रुपेरी, पंखांच्या टोकाशी काळा ठिपका. मादी संध्याकाळनंतर कोवळ्या पानावर, बहुधा खालच्या बाजूला मधल्या शिरेजवळ, सुटं सुटं अंडं घालते. पान जून झालं की तिला ते चालत नाही.

अळी अंड्याच्या तळातून थेट पानात शिरते. सालीच्या पेशी फाडून त्यांतला रस पिते. वरचा पातळ पापुद्रा तसाच राहतो, आत हवा शिरते, म्हणून रेघ चांदीसारखी चमकते. मधली काळसर रेषा म्हणजे तिची विष्ठा. तीन अवस्थांत ती खाते. चौथ्या अवस्थेत खाणं बंद, फक्त रेशीम विणणं: पानाच्या कडेशी येऊन ती रेशमाने कड दुमडून घेते आणि त्या घडीत कोष करते. २६ ते २९ अंश तापमानात अंड्यापासून पतंगापर्यंत १३ ते १५ दिवस लागतात, थंडीत महिना उलटून जातो. 

रेघ दिसली म्हणजे उशीर झालाच, कारण वरून मारलेला फवारा पापुद्र्याखालच्या अळीपर्यंत नीट पोचत नाही. पालवी सेंटीमीटरभर असतानाच फवारावं: १ लिटर कोमट पाण्यात ५ मिलि नीमतेल आणि १-२ मिलि द्रवसाबण, नीट ढवळून. पावसाची उघडीप बघून, संध्याकाळी, पानांच्या खालूनही. दुपारच्या उन्हात मारलं तर पानं करपतात. पालवी जून होईपर्यंत दर ७ दिवसांनी पुन्हा. या काळात युरिया टाळा. त्याने आणखी पालवी फुटते, म्हणजे मादीला आणखी जागा.

रेघा असलेली पानं सरसकट खुडू नका. उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न देत असतो, आणि छाटणीने नवी पालवी येते. शिवाय दुमडलेल्या कडेत नागअळीवर वाढणाऱ्या इवल्याशा गांधीलमाशीचा कोष असू शकतो. मोठ्या झाडाला या अळीने फारसं बिघडत नाही, हाल होतात ते कुंडीतल्या रोपाचे.

अपवाद एकच. रेघांलगत पिवळं वलय असलेले खरबरीत, बुचासारखे डाग दिसले तर तो कँकर. त्याचे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात आणि अळीने उघड्या केलेल्या जागेतून आत शिरतात. अशी पानं कोरड्या दिवशी कापून पिशवीत बांधून टाका, कुंडीतल्या खतात नकोत.