फसवी सुधारणा : हृदयातलं छिद्र आणि आयझेनमेंगर

हृदयात मोठं छिद्र घेऊन जन्मलेल्या बाळाचे पहिले महिने फार कठीण जातात. दूध पिताना कपाळावर घाम फुटतो, चार घोटांत बाळ दमतं, वजन वाढत नाही, न्यूमोनियासाठी पुन्हा पुन्हा भरती करावं लागतं. मग वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास कधी कधी उतार पडतो. छाती भरणं थांबतं, मूल बाळसं धरतं. घरचे म्हणतात, "छिद्र आपोआप बुजलं बहुतेक." लहान छिद्रं खरोखरच बुजतात, त्यामुळे ही आशा निराधार नसते. पण मोठ्या छिद्राच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त धास्ती या सुधारणेचीच वाटते.

हृदयाच्या डाव्या जवनिकेत, म्हणजे खालच्या कप्प्यात, दाब साधारण 120 मिलिमीटरपर्यंत चढतो. फुफ्फुसांकडे रक्त ढकलणाऱ्या उजव्या जवनिकेत तो जेमतेम 25 असतो. मधल्या पडद्याला मोठं भोक असलं, की डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं. फुफ्फुसांच्या नाजूक रक्तवाहिन्यांवर जादा रक्त तर येतंच, वर शरीराच्या रक्तदाबाचा माराही बसतो. मग त्यांच्या भिंतीतला स्नायू जाड होतो. या टप्प्यावर छिद्र बंद केलं, तर वाहिन्या बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. पुढे मात्र आतलं अस्तर वाढतं, नळ्या अरुंद होतात, काही कायमच्या बुजतात. फुफ्फुसांत रक्ताची गर्दी कमी झाली, म्हणून घाम गेला, न्यूमोनियाही थांबला. रोग थांबलेला नसतो.

काही वर्षांनी उजवीकडचा दाब डावीकडच्या दाबाला गाठतो, मग ओलांडतो, आणि प्रवाह उलटतो. यालाच आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. ऑक्सिजन न मिळालेलं रक्त थेट शरीरात जाऊ लागतं. ओठ आणि नखं निळसर होतात, बोटांची टोकं फुगतात, जिना चढताना धाप लागते. असा एक 32 वर्षांचा रुग्ण ऑस्ट्रियाचे डॉक्टर व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी 1897 साली नोंदवला. लहानपणापासून निळसर असलेला तो माणूस अखेर रक्ताच्या गुळण्या होऊन गेला. शवविच्छेदनात पडद्याला मोठं छिद्र सापडलं. त्यानंतर साठेक वर्षांनी, 1958 मध्ये, लंडनचे पॉल वूड यांनी अशा अनेक रुग्णांचा अभ्यास मांडला आणि छिद्र हृदयात कुठेही असलं तरी शेवट एकच होतो, हे दाखवून दिलं.

"मग आता तरी छिद्र बंद करा," असं नातेवाईक कळवळून म्हणतात. प्रवाह उलटल्यावर ते करता येत नाही. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं ते छिद्रच आता उजव्या बाजूचा अतिरिक्त दाब बाहेर सोडत असतं. ते बंद केलं, तर उजवी जवनिका कोलमडते.

ऑक्सिजनची उणीव भरून काढायला शरीर तांबड्या पेशी वाढवतं. हिमोग्लोबिन कधी 20 च्याही वर जातं. पूर्वी असं रक्त सरसकट काढून टाकत. आता ते टाळतात, कारण वारंवार रक्त काढल्याने लोह कमी होतं आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. हिमोग्लोबिन भरपूर असूनही लोहाची कमतरता असू शकते, हे अनेकांना पटत नाही. पण तपासून पाहावं लागतं. सलाईनच्या नळीतला हवेचा छोटा बुडबुडाही इथे घातक ठरू शकतो, कारण फुफ्फुसाची गाळणी चुकवून तो थेट मेंदूत पोहोचू शकतो. हे दुखणं असलेल्याने कोणत्याही दवाखान्यात, अगदी दातांच्या सुद्धा, आपला आजार आधी सांगावा.

गर्भारपणाबद्दल तर स्पष्टच बोललं पाहिजे. जुन्या नोंदींत या आजारातल्या मातामृत्यूचं प्रमाण 30 ते 50 टक्के सापडतं. म्हणून लग्नाआधीच मुलीशी, आणि तिची इच्छा असेल तर तिच्या जोडीदाराशीही, डॉक्टरांनी शांतपणे बोलायला हवं. गर्भनिरोधकातही इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळतात, कारण त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

बोसेंटन, सिल्डेनाफिल यांसारखी औषधं फुफ्फुसाच्या वाहिन्या सैल करतात, चालण्याची ताकद वाढवतात. अनेक रुग्ण चाळिशी-पन्नाशीपर्यंत शिकतात, नोकरी करतात. पूर्ण इलाज म्हणजे हृदय आणि फुफ्फुसांचं प्रत्यारोपण. ते फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

म्हणूनच सगळा भर पहिल्या वर्षावर हवा. पडद्याला मोठं छिद्र असेल तर शस्त्रक्रिया सहसा पहिल्या वर्षातच करतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांत वाहिन्या लवकर बिघडतात, म्हणून त्यांच्यासाठी आणखी घाई करावी लागते. महाराष्ट्रात पालघरहून 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात. जन्मजात हृदयरोग त्यांच्या यादीत आहे आणि पुढचे उपचारही या कार्यक्रमातून मोफत होतात. दूध पिताना घामाघूम होणारं बाळ घरात असेल, तर पथकाची वाट न पाहता इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, आणि मधल्या काळात ते बाळ बरं दिसू लागलं तरीही करून घ्या.