कुत्र्यांचे लसीकरण व जंतनिर्मूलन

पाळीव कुत्र्याला सांसर्गिक रोगांविरुद्ध लस टोचणे आणि त्याच्या आतड्यांतील कृमी ठरावीक अंतराने औषध देऊन काढून टाकणे. दोन्हींचे वेळापत्रक पिल्लाच्या वयावर बेतलेले असते, कारण आईकडून पिल्लाला रोगांपासून तात्पुरते संरक्षण मिळते, तसेच जंतही मिळतात.

कुत्र्याचे ‘जंत काढणे’ याचा अर्थ युरोपात पूर्वी निराळा होता. कुत्र्याच्या जिभेखाली टोकाकडे चरबी, स्नायू व तंतूंची बनलेली दांडीसारखी रचना असते. ती जंत असून तिच्यामुळे कुत्रा पिसाळतो, असा समज होता. इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने ती पिल्लूपणीच काढून टाकण्याचा उल्लेख केला आहे आणि अठराव्या शतकातही ही प्रथा आढळते. वास्तविक ही रचना प्रत्येक निरोगी कुत्र्यात असते. तिचे ‘लिसा’ हे ग्रीक नाव रेबीजच्या विषाणूंच्या प्रजातीला, लिसाव्हायरसला, चिकटून राहिले आहे. रेबीजची लस लुई पाश्चर यांनी आधी कुत्र्यांवर अजमावली आणि १८८५ मध्ये माणसाला टोचली.

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा सांसर्गिक रोग युरोपात १७६० च्या सुमारास पसरला व तो दक्षिण अमेरिकेतून आला, असे सामान्यतः मानतात. त्याचे कारण विषाणू आहे, हे फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखवले. हा विषाणू गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे. वसाहतकारांबरोबर अमेरिकेत गेलेल्या गोवरातूनच तो कुत्र्यांत उतरला असावा, या मताला अलीकडे बळ मिळाले असले, तरी त्याचा पुरावा अप्रत्यक्षच आहे. पार्व्हो या विषाणूजन्य रोगाचा उगम त्याहून अलीकडचा. १९७८ मध्ये रक्ती हगवणीची ही साथ अनेक देशांत जवळजवळ एकदमच उठली. मात्र साठवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांवरून विषाणू त्याआधी काही वर्षे युरोपात फिरत असावा, असे दिसते. मांजरांची लस तयार करताना तो चुकून निर्माण झाला, असेही एकेकाळी मांडले गेले. मांजरवर्गीय विषाणू वन्य मांसाहारी प्राण्यांमार्गे कुत्र्यांत आला, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

आवश्यक लशी डिस्टेंपर, पार्व्हो, सांसर्गिक यकृतशोथ आणि रेबीज यांच्या. यकृतशोथासाठी रोगाचा मूळ अॅडेनोव्हायरस–१ न वापरता अॅडेनोव्हायरस–२ वापरतात. पहिल्याच्या लशीने काही कुत्र्यांचा डोळा निळसर व धुरकट होत असे. लेप्टोस्पायरा या जिवाणूवरील व श्वासनलिकेच्या खोकल्यावरील लशी परिस्थिती पाहून देतात.

पिल्लाला जन्मानंतर पहिल्या दिवसात चिकातून आईची प्रतिपिंडे (रोगजंतूंना निष्प्रभ करणारी प्रथिने) मिळतात. ती साधारण दहा दिवसांत निम्मी होत जातात. त्यांचे प्रमाण रोग अडवण्यास अपुरे, पण लशीतला दुबळा विषाणू निकामी करण्यास पुरेसे, असा एक काळ येतो. तो प्रत्येक पिल्लात वेगळ्या वयात येतो, म्हणून लस पुनःपुन्हा देतात. तीन डोस मिळून संरक्षण ‘पूर्ण’ होते, हा समज चुकीचा आहे. जिवंत विषाणूची लस लागू पडली तर एकच डोस पुरतो. कोणता लागू पडेल, हे मात्र आधी कळत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी लस द्यावी व शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यावा. बाराव्या आठवड्यात तिसरा डोस देऊन थांबणे, ही पार्व्होने दगावणाऱ्या ‘लस दिलेल्या’ पिल्लांमागची नेहमीची चूक. त्यानंतर वयाच्या सहा महिन्यांच्या सुमारास एक डोस, मग तीन वर्षांहून कमी अंतराने नको. लेप्टोस्पायराची लस मृत जिवाणूंची असल्याने तिचे दोन डोस लागतातच व ती दरवर्षी द्यावी लागते. रेबीजची लस बहुधा बाराव्या आठवड्यापासून देतात. पुढचे अंतर उत्पादकाची सूचना व कायदा यांवर ठरते.

लस २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवतात. कुपीतली कोरडी वडी सोबतच्या द्रावात विरघळवून लगेच टोचावी. खांद्यामागची कातडी चिमटीत उचलून सुई तळाशी घालतात. सुई घडीच्या आरपार गेली तर लस केसांत सांडते आणि हाताला ओल लागते. अशी लस दिली असे धरू नये. मात्रा कुत्र्याच्या आकारानुसार कमी करत नाहीत. टोचल्यावर अर्धा तास लक्ष ठेवावे. तोंड सुजणे, उलट्या किंवा एकाएकी गळून जाणे ही तीव्र अॅलर्जीची लक्षणे आहेत व त्यावर तत्काळ उपचार लागतात.

जंतांच्या औषधाचे उलट आहे, ते वजनावरच द्यावे लागते. टॉक्सोकारा या गोलकृमीच्या अळ्या मादीच्या स्नायूंत सुप्त राहतात, गाभणपणाच्या उत्तरार्धात जाग्या होऊन वारेतून गर्भात उतरतात आणि पुढे दुधातूनही जातात. पिल्लू तीन आठवड्यांचे होताच त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून, आठव्यापर्यंत दर पंधरवड्याला व नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा देतात. आईलाही त्याच दिवशी. पायरँटेल दर किलोस ५ मिग्रॅ. किंवा फेनबेंडाझोल दर किलोस ५० मिग्रॅ. सलग तीन दिवस, ही रूढ मात्रा. नेहमीच्या मात्रेत औषध आतड्यातले कृमी मारते, सुप्त अळ्यांना नाही. एका डोसाने काम संपत नाही ते यामुळेच. पातळ औषधाची बाटली नीट न हलवल्यास औषध तळाशी बसते, पहिल्या पिल्लांना कमी व शेवटच्यांना जास्त जाते. अंकुशकृमी रक्त पितात. पांढुरक्या हिरड्यांचे पिल्लू विष्ठेत अंडी दिसण्याआधीही दगावू शकते. पट्टकृमीवर पायरँटेल चालत नाही, प्राझिक्वांटेल (दर किलोस ५ मिग्रॅ.) लागते. गुदद्वाराशी तांदळासारखे वळवळणारे कण पिसवांतून येणाऱ्या पट्टकृमीचे असतात. पिसवा न काढल्यास ते तीन आठवड्यांत परततात.

कोली व तत्सम जातींत एबीसीबी–१ जनुकातील दोषामुळे आयव्हरमेक्टिन हे जंतांवरील औषध मोठ्या प्रमाणात मेंदूत शिरते; म्हणून त्यांना ते बेताने व पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. हृदयकृमी डासांतून येतो आणि पायरँटेल वा प्राझिक्वांटेलने मरत नाही.

टॉक्सोकाराची ताजी अंडी बाधक नसतात. मातीत दोनएक आठवड्यांनी होतात व पुढे वर्षानुवर्षे टिकतात. अशी अंडी पोटात गेल्यास त्यांतून निघणाऱ्या अळ्या लहान मुलांच्या यकृतात, फुप्फुसांत किंवा डोळ्यांत शिरतात. विष्ठा रोजच्या रोज उचलली, तर अंड्यांना बाधक होण्याइतका अवधी मिळत नाही.