ऑस्कर निकालावरील प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया

अमेरिकेतील अकॅडमी पुरस्कारांचे, म्हणजे ऑस्करचे, विजेते जाहीर झाल्यावर प्रेक्षकांत उमटणारा आनंद, नाराजी आणि वाद. या प्रतिक्रिया सोहळ्याइतक्याच जुन्या आहेत. काहींनी तर पुरस्काराचे नियमही बदलायला लावले. लोक चिडतात ते बहुधा निकाल म्हणजे पाच-सात जाणकारांच्या परीक्षक मंडळाचा निवाडा, असे धरून. प्रत्यक्षात ती सुमारे दहा हजार सभासदांच्या गुप्त मतांची बेरीज असते. ही बेरीज कशी होते ते ठाऊक असले की निम्मी आश्चर्ये गळून पडतात.

उत्कंठेची सुरुवात. पहिला सोहळा 16 मे 1929 रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला, तेव्हा विजेत्यांची नावे काही महिने आधीच जाहीर झालेली होती. पुढे निकाल वर्तमानपत्रांना आगाऊ देऊन रात्रीपर्यंत छापायचा नाही असा संकेत ठरला. 1940 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने तो मोडून सोहळ्याआधीच नावे छापली आणि 1941 पासून मोहोरबंद पाकीट आले. 19 मार्च 1953 रोजी सोहळा प्रथम दूरचित्रवाणीवर दिसला; हरलेल्यांचे चेहरे त्या दिवसापासून घरोघरी दिसू लागले.

मतमोजणी आणि गैरसमज. नामांकने बहुतेक विभागांत त्या त्या शाखेचे सभासद ठरवतात: अभिनयाची अभिनेते, संकलनाची संकलक. अंतिम फेरीत मात्र शाखेचे बंधन नसते; ज्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट पाहिले, त्यात कोणत्याही सभासदाला मत देता येते. एक विभाग सोडून बाकी सगळीकडे ज्याला सर्वाधिक मते, तो विजेता. पाच जणांत मते फुटली तर जेमतेम चौथाई मतांवरही कोणी जिंकू शकतो.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रमाची पद्धत आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मतदान केले आहे त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही. सभासदाने दहा चित्रपट क्रमाने लावायचे. पहिल्या पसंतीच्या मोजणीत कुणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. काल्पनिक उदाहरण घेऊ. 100 मतपत्रिका उरल्या आहेत. ‘क’ला 38, ‘ख’ला 35, ‘ग’ला 27. ‘ग’ बाद झाला. त्याच्या 27 पैकी 20 जणांची दुसरी पसंती ‘ख’ होती आणि 7 जणांची ‘क’. आता ‘ख’ 55, ‘क’ 45. सर्वाधिक पहिली पसंती ‘क’ची असूनही ‘ख’ जिंकला.

म्हणूनच ज्याच्यावर काही जण जीव टाकतात आणि काही जण ज्याला शेवटच्या क्रमांकावर ढकलतात, असा चित्रपट इथे घसरतो. फारसा कुणाला न खटकणारा वर चढतो. ‘सुरक्षित निवड केली’ हा ठरलेला आरोप बऱ्याच वेळा या गणिताचा परिणाम असतो, सभासदांच्या भित्रेपणाचा नव्हे. अर्थात, सगळे खापर पद्धतीवर फोडता येत नाही. 2006 मध्ये ‘ब्रोकबॅक माउंटन’ला मागे सारून ‘क्रॅश’ जिंकला, त्या वर्षी साधीच मतमोजणी होती.

मतांचे आकडे कधीच जाहीर होत नाहीत. एका मताने हरला की हजार मतांनी, हे कळायला वाव नाही, आणि अफवांचे पीक येते ते याच जागेवर. 1993 मध्ये मरिसा टोमे यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा जॅक पॅलन्स यांनी चुकीचे नाव वाचल्याची वावडी उठली. ती खोटी होती. चुकीचे नाव वाचले गेले तर मतमोजणी संस्थेच्या प्रतिनिधीने मंचावर जाऊन दुरुस्ती करायची, अशी व्यवस्था असते.

पाकिटाची चूक. 26 फेब्रुवारी 2017 रोजी ही व्यवस्था खरोखरच कसाला लागली. सर्व विभागांच्या पाकिटांचे दोन पूर्ण संच असतात, मंचाच्या दोन बाजूंना एकेक प्रतिनिधी तो घेऊन उभा असतो. एका बाजूचे पाकीट उघडले की दुसऱ्या बाजूचे तसेच बाजूला ठेवायचे. त्या रात्री सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे न उघडलेले दुसरे पाकीट सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर करायला आलेल्या वॉरन बेटी यांच्या हाती गेले. लाल पाकिटावरची सोनेरी अक्षरे चटकन वाचता येण्यासारखी नव्हती. एमा स्टोन यांच्या नावाखाली चित्रपटाचे नाव होते, सहनिवेदिका फे डनवे यांनी तेच वाचले: ‘ला ला लँड’. त्या चमूची आभाराची भाषणे सुरू असतानाच खरा विजेता ‘मूनलाइट’ असल्याचे सांगितले गेले. पुढच्या वर्षीपासून सर्व विजेते पाठ असलेला तिसरा प्रतिनिधी नियंत्रण कक्षात बसवला गेला, प्रतिनिधींना मंचामागे फोन वापरायला बंदी आली, आणि पाकीट योग्य आहे याची खातरजमा निवेदकाने मंचावर जाण्यापूर्वीच करायची असे ठरले. दुर्दैव असे की ‘मूनलाइट’चा विजय लोकांना आजही मुख्यतः या गोंधळामुळे आठवतो.

थकबाकीचा युक्तिवाद. ‘यंदा त्याला द्यायलाच हवे होते’ ही प्रतिक्रिया प्रेक्षकांपुरती नाही. सभासदही अशीच मते देतात. 1993 मध्ये अल पचिनो यांना अनेक हुकलेल्या वर्षांनंतर ‘सेंट ऑफ अ वूमन’साठी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘माल्कम एक्स’मधील डेन्झेल वॉशिंग्टन मागे पडले. त्यांना मुख्य अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तो 2002 मध्ये. एकाची थकबाकी फेडताना दुसऱ्याची तयार होते.

अंदाज बांधणारेही नाराजीत भर घालतात. निर्माते, दिग्दर्शक, अभिनेते यांच्या संघटनांचे पुरस्कार आधी होतात आणि त्यांवरून ‘निश्चित विजेता’ ठरवला जातो. 2020 मध्ये निर्माते आणि दिग्दर्शक या दोन्ही संघटनांनी ‘1917’ला कौल दिला, ऑस्कर मात्र ‘पॅरासाइट’ने नेले. 2021 मध्ये तर आयोजकांनीच अंदाजावर विसंबून रिवाज मोडला आणि मुख्य अभिनेत्याचा पुरस्कार शेवटी ठेवला. दिवंगत चॅडविक बोसमन यांचे नाव येईल अशी सर्वांची अटकळ होती. जिंकले अँथनी हॉपकिन्स, तेही सभागृहात नव्हते, आणि सोहळा भाषणाविना आटोपला.

भारतातील प्रतिक्रिया. लॉस एंजेलिसमधील रविवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची सोमवारची पहाट. प्रक्षेपण साडेचार-साडेपाचला सुरू होते आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट कळेपर्यंत कार्यालयात जायची वेळ होते. त्यामुळे बहुतेकांची प्रतिक्रिया सोहळ्यावर नसून मोबाइलवर आलेल्या मथळ्यावर असते.

इथे प्रवेशिका, नामांकन आणि पुरस्कार यांची हमखास सरमिसळ होते. आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो, त्यातून 15 निवडले जातात आणि मग 5 नामांकने ठरतात. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट भारताच्या प्रवेशिका होते. ‘ऑस्करला गेला’ याचा अर्थ तेवढाच. तिघांपैकी एकालाही नामांकन मिळाले नाही. नामांकन मिळालेला ‘लगान’ 2002 मध्ये ‘नो मॅन्स लँड’पुढे हरला. एकच चित्रपट पाठवायचा असल्याने रागाचा रोख अकॅडमीपेक्षा देशातील निवड समितीवर अधिक असतो. 2024 मध्ये ‘लापता लेडीज’ची निवड झाल्यावर ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ का नाही, हा वाद पेटला.

पुरस्कार कुणाला मिळाला, यातही घोळ होतो. 2023 मध्ये ‘नाटू नाटू’चे ऑस्कर संगीतकार एम. एम. कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस यांना मिळाले; गायकांना किंवा चित्रपटाला नव्हे. पहिले भारतीय ऑस्कर मात्र निर्विवाद आहे: कोल्हापूरच्या भानू अथय्या, ‘गांधी’ची वेशभूषा, 1983, जॉन मोलो यांच्यासह.

नियम बदलणारी नाराजी. 1935 मध्ये बेटी डेव्हिस यांना नामांकन नाकारल्यावर एवढा गदारोळ झाला की मतपत्रिकेवर हाताने नाव लिहिण्याची मुभा द्यावी लागली. डेव्हिस जिंकल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी छायालेखक हॅल मोर याच वाटेने जिंकले आणि लवकरच ती वाट बंद झाली. ‘द डार्क नाइट’ला 2009 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन न मिळाल्याच्या ओरडीनंतर पुढच्या सोहळ्यासाठी पाचाची दहा नामांकने झाली. अभिनयाची सर्व 20 नामांकने सलग दोन वर्षे गोऱ्या कलावंतांना गेल्यावर, जानेवारी 2016 मध्ये अकॅडमीने महिला आणि गौरेतर सभासदांची संख्या 2020 पर्यंत दुप्पट करण्याचे जाहीर केले.

प्रेक्षकांच्या आवडीला सोहळ्यात जागा देण्याचे प्रयोग मात्र फसले. 2018 मध्ये ‘लोकप्रिय चित्रपट’ हा नवा विभाग ऑगस्टमध्ये जाहीर होऊन सप्टेंबरमध्ये स्थगित झाला. 2022 मध्ये ट्विटरवरून लोकांची पसंती मागवली, तेव्हा एका दिग्दर्शकाच्या संघटित चाहत्यांनी दोन्ही कौल खिशात घातले: एक ‘आर्मी ऑफ द डेड’ला, दुसरा ‘झॅक स्नायडर्स जस्टिस लीग’मधील प्रसंगाला. दोन्ही झॅक स्नायडर यांचेच.