एकाच कॅनचा रंग छातीवर वाळतो, मग केपवर का वाळत नाही?
ॲक्शन फिगर घरी रंगवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या ठाण्याच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या फिगरपैकी सगळ्यात जास्त फिगर एकच तक्रार घेऊन येतात: स्प्रे मारून महिना झाला, तरी रंग बोटाला चिकटतो. केप पाठीला चिकटून बसलेली असते. ज्या वर्तमानपत्रात फिगर गुंडाळून आणली, त्याची अक्षरे दंडावर उलटी उमटलेली असतात. आणि गंमत म्हणजे त्याच फिगरची छाती, त्याच कॅनने, त्याच दिवशी रंगवलेली, अगदी खणखणीत वाळलेली असते. म्हणून बहुतेकांना वाटते की कॅन खराब निघाला किंवा हवा दमट होती. कॅनमध्ये काही खोट नसते. छाती आणि केप ही दोन वेगळी प्लास्टिके आहेत, एवढेच.

हल्लीच्या ६ इंची फिगरमध्ये, म्हणजे ज्याला आपण १/१२ स्केल म्हणतो, धड आणि चिलखतासारखे कडक भाग बहुधा एबीएसचे असतात. डोके, केस, हाताचे पंजे, केप, कमरेचा पट्टा हे भाग मऊ पीव्हीसीचे. पीव्हीसी मुळात कडकच असते. ते वाकावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य मिसळतात, आणि ते प्लास्टिकशी घट्ट बांधलेले नसते, हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहते. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्प्रेमध्ये किंवा एनॅमलमध्ये जो सॉल्व्हेंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारा आणि नंतर उडून जाणारा द्रव असतो, तो पीव्हीसीचा वरचा थर फुगवतो आणि या द्रव्याला बाहेर यायला वाट करून देतो. ते रंगाच्या थरात मिसळते आणि रंग मऊ राहतो. तो अर्धवट वाळलेला नसतो, त्याला वाळताच येत नाही. आठवडाभर थांबा, सहा महिने थांबा, फरक पडत नाही.

पंख्याखाली ठेवून, उन्हात ठेवून किंवा हेअर ड्रायर मारून पाहिलेल्या फिगर आमच्याकडे रोजच्या रोज येतात. उष्णतेने रंग वाळत नाही, उलट पीव्हीसी आणखी मऊ होते आणि मे महिन्यातल्या गॅलरीत ठेवलेली फिगर घोट्यातून वाकते. टाल्कम पावडर तर कृपा करून लावू नका. दोन दिवस बरे वाटते, मग ती पावडर रंगात रुतून बसते आणि आम्हाला ब्रशने कण-कण उकरावी लागते. चिकट थरावर पुन्हा एक हात मारणे किंवा वर स्प्रे वॉर्निश देणे हेही तसेच. आधी ॲक्रिलिकने नीट रंगवलेला चेहरा शेवटच्या स्प्रे वॉर्निशने चिकट झाला, अशी उदाहरणे आम्ही खूप पाहिली आहेत आणि त्यांचे आम्हाला सगळ्यात वाईट वाटते, कारण खरी मेहनत तोवर झालेली असते.

काही जण म्हणतात, ‘लहानपणी आम्ही फनस्कूलच्या जी. आय. जो ला एनॅमल लावत होतो, काही व्हायचे नाही.’ बरोबर आहे. त्या ३.७५ इंची फिगरचे अंग बहुतांशी कडक प्लास्टिकचे, त्यावर एनॅमल वाळते. (त्या फिगर कमरेतून दोन तुकडे होऊन येतात ते आतला रबरी रिंग कुजल्यामुळे. पाठीचा स्क्रू काढून नवा रिंग बसवता येतो, हे काम आम्ही करतो. घरी करत असाल तर फिगरचे अंगठे सांभाळा, ते पटकन मोडतात.) तेव्हाचा अनुभव आजच्या मऊ फिगरला लागू पडत नाही.

ओळखायचे कसे? जिथे दिसत नाही अशा जागी, म्हणजे केपच्या आतल्या बाजूला किंवा मानेच्या खाली, नखाने दाबा. नख किंचित रुतले किंवा भाग बोटाने वाकला तर ते पीव्हीसी समजा. टकटक वाजले तर एबीएस. शंका असेल तर पीव्हीसीच समजून चाला, त्यात नुकसान काही नाही.

मऊ भागासाठी रंग पाण्याने पातळ होणारा ॲक्रिलिकच घ्या. आधी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात फिगर धुवा, साच्यातून सुटावी म्हणून लावलेले तेल त्यावर राहिलेले असते. मग पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन प्रायमरचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पहिल्या थराचा, पातळ हात, त्यावर रंगाचे पातळ-पातळ हात आणि शेवटी पाण्याचेच वॉर्निश, ब्रशने किंवा एअरब्रशने. स्टेशनरीच्या दुकानातले ट्यूबमधले ॲक्रिलिकही फिगरच्या कपड्यांच्या भागासाठी चालते, पण ते घट्ट असते. पातळ न करता लावले तर चेहऱ्याच्या रेषा बुजतात. आमच्याकडे मिळणाऱ्या छोट्या संचात प्रायमर, वॉर्निश आणि मूळ रंग याच प्रकारचे आहेत. एका फिगरला पुरून उरतात.

आता आमच्या दरांबद्दल. चिकट फिगर आली की रंग उतरवण्याचे पैसे आम्ही वेगळे घेतो, आणि त्यावर नाराजी होते. ‘नुसता वरून हात मारून द्या ना’ ही विनंती आम्ही मान्य करत नाही, कारण तो हातही चिकटच राहणार आणि मग नाव आमचे जाणार. उतरवायचे म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायचे, मऊ टूथब्रशने घासायचे, धुवायचे, वाळवायचे आणि परत तेच. हे आमचे रंगकामापेक्षा जास्त वेळ खाणारे काम आहे. घाई करायची सोय नाही. ॲसिटोनने, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरने किंवा थिनरने पटकन निघेल असे वाटते, पण ॲसिटोन एबीएस विरघळवते. छातीवरचे बारीक नक्षीकाम गुळगुळीत होऊन आलेल्या फिगर दुरुस्त होत नाहीत, तो भाग नव्याने घडवावा लागतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: नव्या फिगरचा चेहरा बऱ्याचदा कारखान्यात डिजिटल छपाईने केलेला असतो. त्यावर स्प्रे बसला असेल तर रंगाबरोबर छपाईही जाते. आम्ही डोळे हाताने रंगवतो आणि चांगले रंगवतो, पण ते मूळचे नसतात. चेहरा आवडत असेल तर त्यावर काही मारूच नका, डोके काढून बाजूला ठेवा.

डोके काढायला एक-दोन मिनिटे गरम पाण्यात धरले की मान सैल होते, मग हळूच फिरवत ओढायचे. लायटर वापरू नका. पीव्हीसी जळले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. सांध्यांच्या खुंट्यांवर रंग देऊ नका, तिथे तो घासून जातोच.

जून ते सप्टेंबर आम्ही काम उशिरा देतो, त्याचे कारणही एकदा लिहून ठेवतो. कडक भागांवर आम्ही स्प्रे वॉर्निश वापरतो. सॉल्व्हेंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर बसते, त्यामुळे काळा रंग पांढुरका दिसायला लागतो. म्हणून पावसाळ्यात हे काम बंद खोलीत, एसीने हवा कोरडी करून, एका वेळी थोड्याच फिगरवर होते. घरी करत असाल तर पाऊस पडत असताना खिडकीत उभे राहून स्प्रे मारू नका.

किल्ल्यासाठी मावळे करून घेणाऱ्यांची गर्दी दिवाळीआधी होते. ६ इंची साध्या फिगरवर इपॉक्सी पुट्टीने पगडी आणि शेला घडवून, अंगरखा रंगवून आम्ही मावळा करून देतो, ढाल-तलवारीसह. स्वतः करायची हौस असेल तर पगडीच्या ढोबळ आकाराला एम-सील चालते, पण ते लवकर घट्ट होऊ लागते. घड्या काढायच्या असतील तर थोडे-थोडेच मळा आणि हत्यार पाण्यात बुडवून वापरा. वाळल्यावर वॉटर पेपरने घासताना मास्क लावा. मातीच्या किल्ल्यावर ठेवायचा मावळा असेल तर तसे आधी सांगा, पायांना वॉर्निशचा जादा हात देतो, म्हणजे पाणी शिंपडल्यावर चिखल धुऊन काढता येतो. दिवाळीचे काम हवे असेल तर नवरात्रापर्यंत फिगर आमच्याकडे पोहोचलेली असावी. त्यानंतर आलेले काम आम्ही तुळशीच्या लग्नानंतरची तारीख देऊनच घेतो.

ऐरोली-वाशीकडून ट्रान्स हार्बरने येणाऱ्यांनी निघण्याआधी फिगरचे चार बाजूंनी फोटो पाठवावेत आणि कोणता रंग, कोणता स्प्रे वापरला हे लिहावे, जमल्यास कॅनच्या लेबलचाही फोटो. रंग उतरवावा लागेल की नाही आणि किती खर्च येईल, हे आम्ही त्यावरून सांगतो. पुष्कळदा घरीच जमेल असे काम असते, तेही सांगतो. आणताना चिकट फिगर कागदात गुंडाळू नका, डब्यात कशाला टेकणार नाही अशी उभी ठेवा. सुटे पंजे, स्क्रू, तुटलेले तुकडे कितीही बारीक असले तरी पिशवीत घालून सोबत द्या.