पारपटल जाडी मापन (लेसर शस्त्रक्रियेतील)

चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर पारपटलाची, म्हणजे कॉर्नियाची, जाडी मोजण्याची क्रिया. दवाखान्यात तिला पॅकिमेट्री म्हणतात. प्रौढांत ही जाडी मध्यभागी सरासरी ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असून कडेकडे वाढत जाते.

जिवंत डोळ्यात ती प्रथम मोजल्याचे श्रेय बहुधा स्वीडिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅग्नस ब्लिक्स यांना (१८८०) देतात. तथापि नेत्रचिकित्सेत ती रुळली ती १९५० च्या सुमारास आलेल्या प्रकाशीय उपकरणांमुळे. तोच टप्पा निर्णायक मानणे अधिक सयुक्तिक. श्राव्यातीत ध्वनीवरील (अल्ट्रासाउंड) उपकरणात डोळा बधिर करून बारीक शलाका पारपटलावर टेकवतात. दोन पृष्ठभागांवरून येणारे प्रतिध्वनी आणि ध्वनीचा सेकंदाला सु. १,६४० मी. हा गृहीत वेग यांवरून जाडी निघते. शलाका तिरकी झाली की आकडा फुगतो. स्पर्शाविना संपूर्ण पारपटलाचा नकाशा देणारी यंत्रेही आता प्रचारात आहेत. मात्र दोन प्रकारच्या यंत्रांचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत. कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस आधी बंद करतात, कारण तिने पारपटलाला सूज येते.

किती जाडी उरावी, हा वादाचा मुद्दा. लॅसिकमध्ये, म्हणजे पारपटलाची पातळ झडप उचलून तिच्याखालचा थर लेसरने घालवण्याच्या शस्त्रक्रियेत, झडपेखाली किमान २५० मायक्रॉन राखण्याचा संकेत जुना आहे. त्याला पक्का प्रायोगिक आधार नाही, असा आक्षेप घेतला जातो. ४९० मायक्रॉनच्या पारपटलात ११० ची झडप उचलून उणे ८ नंबरासाठी ६.५ मिमी. क्षेत्रात सु. ११३ मायक्रॉन थर घालवला, तर २६७ उरतात. संकेत पाळला जातो. पण झडप व घालवलेला थर मिळून मूळ जाडीपैकी ४५ टक्क्यांहून अधिक भाग बाधित होतो आणि ४० टक्क्यांची अलीकडील मर्यादा ओलांडली जाते. पारपटल पुढे फुगण्याचा धोका पाहता ही टक्केवारीची दुसरी कसोटीही लावणे बरे. नकाशात पारपटलाचा आकार संशयास्पद असेल, तर पुरेशी जाडी असूनही शस्त्रक्रिया टाळतात.

शस्त्रक्रियेनंतर पातळ झालेल्या पारपटलामुळे डोळ्यातील दाब प्रत्यक्षाहून कमी दिसतो. काचबिंदूच्या तपासणीत हे निसटू नये म्हणून आधीचा व नंतरचा, दोन्ही आकडे जपून ठेवावे लागतात.

सातारा जिल्ह्यात, विशेषतः अपशिंगेसारख्या सैनिकी परंपरेच्या गावांच्या परिसरात, नंतरच्या मापनाला भरतीमुळे वेगळे महत्त्व येते. लष्करातील काही अधिकारी-प्रवेशांत लॅसिक झालेला उमेदवार चालतो. पण शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांनंतर झालेली, तिला किमान १२ महिने उलटलेले आणि मध्यभागी ४५० मायक्रॉन जाडी उरलेली असावी लागते. सर्व प्रवेशांत ही सवलत नसते.