डुलूथ बंदर आणि सुपीरियर सरोवर : उन्हाळी कौटुंबिक सहलीचे माहितीपत्रक

मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी, आणि विशेषतः मे ते ऑगस्ट या काळात ज्यांच्याकडे भारतातून आईवडील किंवा सासूसासरे राहायला आले आहेत अशा घरांसाठी, आमची संस्था सुपीरियर सरोवराकाठच्या डुलूथ शहराची तीन मुक्कामांची सहल आखून देते. आखलेला कार्यक्रम हाती पडल्यावर ग्राहक बहुधा दोन गोष्टी विचारतात. रोजचा अर्धा दिवस मोकळा का ठेवला आहे, आणि जुलै महिन्यात स्वेटर व वारा अडवणारे जाकीट सोबत घेण्याचा आग्रह कशासाठी आहे? दोन्हींचे उत्तर एकच आहे. डुलूथमधला दिवस कसा जाईल हे सरोवरावरचा वारा आणि जहाजांची ये-जा ठरवतात, आणि यांपैकी कशाचेही आगाऊ आरक्षण करता येत नाही. त्या दृष्टीने काय जाणून घ्यावे, कोणत्या गोष्टी आधी ठरवाव्यात आणि कोणत्या तिथे पोहोचल्यावर ठरवाव्यात, हे या पत्रकात दिले आहे.

सरोवर आणि हवा

जुळ्या शहरांपासून डुलूथ सुमारे २५० किलोमीटरवर आहे. ३५ क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाने सरळ उत्तरेकडे गेल्यास अडीच तास लागतात. मात्र उन्हाळ्यातल्या शुक्रवारी दुपारनंतर अर्धे राज्य आपापल्या केबिनकडे, म्हणजे सुट्टीतल्या छोट्या घरांकडे, निघालेले असते, त्यामुळे आम्ही शक्यतो सकाळचे प्रस्थान ठेवतो. ज्येष्ठांसाठी वाटेत हिंक्ली येथे थांबा असतो. शहरात उतरण्याच्या थोडे आधी, टेकडीच्या माथ्यावर थॉम्पसन हिलचे विश्रांतिस्थळ लागते. तेथे दहा मिनिटे जरूर थांबावे, कारण बंदर, पूल आणि सरोवर यांची एकमेकांच्या संदर्भातली मांडणी तेथून एका दृष्टिक्षेपात कळते आणि पुढचे तीन दिवस दिशा समजायला सोपे जाते.

पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने सुपीरियर हे जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याचा विस्तार सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईहून थोडा अधिक असून सर्वाधिक खोली ४०६ मीटर आहे. जगाच्या भूपृष्ठावरील गोड्या पाण्यापैकी जवळजवळ दहावा भाग या एका सरोवरात आहे. किनाऱ्यावर उभे राहून ईशान्येकडे पाहिल्यास पलीकडचा काठ दिसत नाही, आणि लाटाही समुद्रासारख्या येतात. त्यामुळे कोकणातून आलेले आजीआजोबा भरतीची वेळ विचारतात. जाणवण्याजोगी भरती-ओहोटी येथे नसते. पाण्याची पातळी थोडीफार वरखाली होते ती वारा आणि हवेचा दाब यांच्यामुळे.

एवढ्या खोल पाण्याला तापायला फार काळ लागतो, आणि जून संपत आला तरी ते बर्फासारखे गार असू शकते. वारा जमिनीकडून वाहत असेल तर डुलूथमध्ये छान ऊन पडते. तोच वारा पूर्वेकडून, म्हणजे सरोवरावरून वाहू लागला, की तासाभरात दहा अंश सेल्सियसपर्यंत तापमान उतरते आणि कधी दाट धुकेही येते. शहर एका तीव्र उतारावर वसलेले आहे. किनारा आणि वरची टेकडी यांच्या उंचीत दोनशे मीटरहून अधिक फरक असल्यामुळे खाली थंडी वाजत असताना वर अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरतो. आमच्या मोकळ्या ठेवलेल्या अर्ध्या दिवसाचा पहिला उपयोग हा आहे : सकाळी वाऱ्याची दिशा पाहून किनारा की टेकडी, हे ठरवता येते.

जहाजे आणि लिफ्ट ब्रिज

आमच्या मते डुलूथला जाण्याचे खरे कारण जहाजे हे आहे, आणि बाकी सर्व ठिकाणे त्यानंतर येतात. अटलांटिक महासागरापासून सुमारे ३,७०० किलोमीटर आत असूनही येथे समुद्रातून जहाजे येतात, कारण १९५९ साली सेंट लॉरेन्स सागरी मार्ग खुला झाल्यापासून पाच महासरोवरे मोठ्या जहाजांसाठी समुद्राशी जोडली गेली आहेत. डुलूथ आणि लगतच्या विस्कॉन्सिन राज्यातील सुपीरियर या दोन शहरांचे मिळून एक बंदर आहे, आणि मालाच्या वजनाच्या हिशेबाने ते महासरोवरांवरील सर्वांत मोठे बंदर मानले जाते. वायव्येकडील मेसाबी पट्ट्यातील लोहखनिजाच्या गोळ्या रेल्वेने येथे येतात, जहाजांत भरल्या जातात आणि खालच्या सरोवरांकाठच्या पोलाद कारखान्यांकडे रवाना होतात. मांडवीतून खनिज घेऊन जाणारे बार्ज पाहिलेल्या गोव्याच्या मंडळींना व्यवहार ओळखीचा वाटेल. आकार मात्र वाटणार नाही. येथील सर्वांत मोठी मालवाहू जहाजे हजार फूट लांब आणि १०५ फूट रुंद असतात. ती सरोवरांबाहेर कधीच जाऊ शकत नाहीत, कारण समुद्राच्या वाटेवरील जलपाशांत, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वरखाली करणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यांत, ७४० फुटांपेक्षा लांब जहाज मावत नाही. उलट समुद्रातून येणारी, बहुधा धान्य भरून नेणारी जहाजे त्यामुळेच तुलनेने लहान दिसतात. मुलांना हा फरक आधी सांगून ठेवला, तर येणारे जहाज सरोवरातले की समुद्रातले हे ती स्वतः ओळखू लागतात.

ही जहाजे बंदरात शिरतात ती ३०० फूट रुंदीच्या एका कालव्यातून, ज्याच्या दोन्ही बाजूंच्या धक्क्यांवर कोणालाही विनामूल्य उभे राहता येते. हा कालवा १८७१ मध्ये खोदला गेला आणि त्यामुळे पलीकडची वाळूची लांब पट्टी, म्हणजे मिनेसोटा पॉइंट, शहरापासून तुटली. १९०५ साली तेथे उंच पोलादी सांगाडा उभारून त्याला टांगलेल्या पाळण्यातून माणसे व गाड्या नेण्याची सोय करण्यात आली; पुढे १९२९ च्या सुमारास त्या सांगाड्यात फेरफार करून संपूर्ण रस्ताच वर उचलला जाईल अशी रचना केली गेली, आणि तोच आजचा एरियल लिफ्ट ब्रिज होय. जहाज जवळ आले, की पुलाचा मधला भाग १३५ फूट वर चढतो, जहाज भोंगा देते आणि पूल स्वतःच्या भोंग्याने त्याला उत्तर देतो. हा आवाज फार मोठा असतो. तान्ह्या बाळांचे कान झाकावेत आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्या ज्येष्ठांनी त्याचा आवाज आधीच कमी करावा.

लहान बोटींसाठी उन्हाळ्यात दिवसा दर अर्ध्या तासाने पूल उचलला जातो, परंतु मोठ्या जहाजांसाठी तो कोणत्याही क्षणी उचलला जाऊ शकतो. जहाजांच्या अपेक्षित वेळा कालव्याशेजारच्या सागरी माहिती केंद्रात लावलेल्या असतात. हे केंद्र अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या अखत्यारीत असून प्रवेश विनामूल्य आहे. मात्र त्या वेळा अंदाजे असतात. सोळा हजार टन असो वा साठ हजार, माल भरून होईपर्यंत जहाज सुटत नाही, आणि वादळ असेल तर ते आत येण्याची घाई करत नाही. सहलीच्या काळात आमचा समन्वयक दिवसातून दोनदा या वेळा तपासून आपल्याला संदेश पाठवतो. आपण जेवायला बसला असताना संदेश आला, तर आमचा सल्ला जेवण सोडून जाण्याचा आहे.

वाळूचा किनारा आणि पोहणे

पूल ओलांडल्यावर लागणारा पार्क पॉइंटचा किनारा लांबलचक आणि सुंदर आहे, तरी त्याविषयी आम्ही थोडे कठोरपणे लिहितो. येथे ईशान्येचा जोराचा वारा असताना माणसाला आत ओढून नेणारे प्रवाह तयार होतात, आणि गार पाण्यात चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय लवकर आखडतात. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर घोट्यापलीकडे कोणीही पाण्यात जाऊ नये, आणि बावटा हिरवा असला तरी लहान मुलांचा हात मोठ्यांच्या हातात असावा. पोहण्याची हौस असलेल्या मुलांसाठी आम्ही आच्छादित तलाव असलेले हॉटेल सुचवतो. परतताना पूल वर असेल तर गाडीत बसून वाट पाहावी लागते. विमान गाठायचे असेल त्या दिवशी पार्क पॉइंट कार्यक्रमात ठेवू नये.

इतर ठिकाणे

ग्लेनशीन हा ३९ खोल्यांचा वाडा १९०५ ते १९०८ या काळात बांधला गेला असून आता तो मिनेसोटा विद्यापीठाकडे आहे. त्याची तिकिटे आगाऊ घ्यावी लागतात, आणि जिने चढण्यास त्रास होणाऱ्यांसाठी फक्त तळमजला व बाग एवढाच बेत पुरेसा आहे. विल्यम ए. अर्विन हे १९३८ मध्ये सेवेत आलेले ६१० फूट लांब खनिजवाहू जहाज आता संग्रहालय आहे. त्यातील शिड्या उभ्या आहेत, परंतु दहा वर्षांपुढील मुलांना ते सहसा फार आवडते. गोड्या पाण्यातील जलचरांचे मत्स्यालय आणि १८९२ च्या जुन्या रेल्वे स्थानकातील रेल्वे संग्रहालय ही आमची पावसाच्या दिवसाची राखीव ठिकाणे आहेत. टेकडीवरचा एंगर टॉवर संध्याकाळी पाहावा. जूनच्या अखेरीस सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणून जेवण आधी उरकून जाणे सोयीचे.

एक संपूर्ण दिवस ६१ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तर किनाऱ्यासाठी असतो. गूजबेरीचे धबधबे सुमारे ६५ किलोमीटरवर आहेत आणि वरच्या धबधब्यापर्यंतची वाट गुडघेदुखी असलेल्यांनाही सावकाश जमते. त्यापुढे स्प्लिट रॉक दीपगृह आहे. नोव्हेंबर १९०५ च्या वादळात या सरोवरावर अनेक जहाजे बुडाली किंवा खडकांवर आदळली. त्यांपैकी माताफा नावाचे जहाज तर डुलूथच्या धक्क्यांपाशीच, किनाऱ्यावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत फुटले आणि त्यावरील नऊ खलाशी थंडीने मरण पावले. त्या वादळानंतर हे दीपगृह मंजूर होऊन १९१० मध्ये सुरू झाले आणि १९६९ पर्यंत सेवेत राहिले. किनाऱ्यावर तांबूस पट्ट्यांचे अकीक दगड सापडतात. मात्र राज्य उद्यानांच्या हद्दीतून दगड उचलून नेण्यास मनाई आहे, हे मुलांना आधीच सांगावे.

मुक्काम, जेवण आणि कागदपत्रे

शाकाहारी कुटुंबांना आम्ही स्वयंपाकघर असलेली जागा सुचवतो, कारण उत्तर किनाऱ्यावरच्या छोट्या गावांत मासे मुबलक मिळतात आणि मांसाहार न करणाऱ्यांना बटाटा व सॅलडवर भागवावे लागते. कुकर व तवा आम्ही देतो. पीठ, मसाले आणि दशम्या आपण आणाव्यात. कालव्याजवळचा परिसर सपाट असल्याने ज्येष्ठांसोबत तेथेच मुक्काम करावा, जरी भाडे अधिक असले तरी. उतारावरची स्वस्त खोली रोजच्या चढउतारामुळे अखेर महाग पडते.

जूनमध्ये ‘ग्रँडमाज मॅरेथॉन’च्या शनिवाररविवारी आणि ४ जुलैच्या आसपास शहरात जागा मिळणे कठीण असते. या तारखा हव्या असतील तर फेब्रुवारीपूर्वी कळवावे. अन्यथा जुलैचा दुसरा पंधरवडा किंवा ऑगस्ट निवडावा, तेव्हा पाणीही थोडे कमी बोचरे असते.

भारतीय पारपत्रधारकांनी ६१ क्रमांकाचा रस्ता पुढे कॅनडाच्या सीमेपर्यंत जातो हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेचे ग्रीन कार्ड नसेल तर कॅनडासाठी वेगळा व्हिसा लागतो, आणि तो नसताना सीमेपलीकडे जाणारा कोणताही बदल आमचा समन्वयक वाटेत करून देऊ शकत नाही. भारतातून आलेल्या ज्येष्ठांचा प्रवासी आरोग्य विमा, नेहमीच्या औषधांची यादी आणि पारपत्राची प्रत यांची माहिती नोंदणीच्या अर्जासोबत द्यावी. अर्जात जहाजांचे संदेश कोणाच्या दूरध्वनीवर पाठवायचे त्याचा क्रमांकही लिहावा, आणि रात्री दहानंतर येणाऱ्या जहाजांसाठी उठवावे की नाही, यावरही खूण करावी.